एका दिवसाचा गिलावा

"येसबा, त्या भेगा तेवढ्या पुसून टाका."

येसबा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते. हातात एक खडू, कानावर दुसरा. समोर बारा फूट लांबीचं कापड ताणून बसवलेलं आणि त्यावर शेकडो चौकोन पाडलेले. सिनेमाचा एवढासा फोटो घ्यायचा, त्यावर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, तितकेच चौकोन मोठे करून कापडावर पाडायचे आणि एकेका चौकोनात जे दिसेल ते तसंच्या तसं वर चढवायचं, ही त्यांची बॅनर करायची रीत. तीस वर्षं कोल्हापूरच्या थिएटरांवर झळकलेले सगळे नायक, खलनायक आणि पोलीस इन्स्पेक्टर त्यांनी असेच चौकोनाचौकोनानं वाढवले होते.

"कुठल्या भेगा?" त्यांनी वळूनही न बघता विचारलं.

"ह्या काय! सगळ्या भिंतीवर जाळं काढून ठेवलंय तुम्ही. फोटोतली भिंत चारशे वर्षांची आहे, तडे जायचेच. ते बॅनरवर कशाला? लोकांना वाटेल, कापडच उसवलंय."

मी सांगायचं आणि समोरच्यानं ऐकायचं, अशी मला सवय होती. कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागून सोळा वर्षं झाली होती. माझ्या हातात पंचांग पडलं असतं तरी मी ते लाल पेन्सिलीनं तपासलं असतं. शिवाय त्या आठवड्यात माझे पाय जमिनीवर नव्हते.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तरुणपणी शिष्यवृत्तीवर इटालियन शिकायला दोन वर्षं इटलीत काढली होती, तिथून येताना एक कादंबरी आणली होती. 'पश्चिमेची भिंत' असं तिचं नाव. डोंगरातल्या एका खेड्यातली असुंता नावाची बाई, परदेशातल्या खाणीत कामाला गेलेला तिचा नवरा नेल्लो, त्याची वाट बघण्यात गेलेली पंधरा वर्षं, आणि गावच्या चर्चमधली एक रंगवलेली भिंत, जिच्याखाली बसून गाव भांडतं, लग्नं ठरवतं आणि मेलेल्यांसाठी रडतं. सहा वर्षं खपून मी तिचा मराठी अनुवाद केला होता. पुण्याच्या टिल्लूंनी तो छापायला घेतला होता. त्रेचाळिसाव्या वर्षी माझं पहिलं पुस्तक येणार होतं.

त्यात दुधात साखर म्हणजे त्याच कादंबरीवर इटलीत निघालेला सिनेमा आमच्या फिल्म सोसायटीला मिळाला होता. रविवारी सकाळी नऊचा खेळ. टिल्लू खास त्यासाठी पुण्याहून येणार होते. सिनेमा बघायचा, शेवटच्या प्रुफांवर माझी सही घ्यायची आणि सोमवारी छपाई सुरू, असं ठरलं होतं. बॅनरसाठी आलेल्या फोटोत असुंता झालेली नटी त्या भिंतीच्या कडेला उभी होती, आणि शेजारी भिंतभर गावाच्या लग्नाची वरात रंगवलेली होती.

येसबा शिडीवरून उतरले. धोतराला हात पुसत माझ्याजवळ आले.

"बाई, ह्या भेगा न्हाईत."

"मग काय आहेत?"

"दिस हाईत."

मला हसू आलं. ते काही हसले नाहीत. फळीवरून भिंग उचललं आणि फोटोवर धरलं.

"भेग कशी जाती? वाट फुटंल तशी. नाकातनं जाईल, न्हाईतर डोळ्यातनं जाईल, तिला काय कळतंय? आता ही रेघ बगा. ह्या गड्याच्या खांद्याच्या कडंकडंनं निघाली, डोसक्याला वळसा घातला आन् पाठीमागनं खाली आली. कुटं त्वांडाला धक्का लावला का? हे माणसानं केल्यालं हाय."

मी भिंग घेतलं. खरंच, एकही रेघ कुठल्या चेहऱ्यावरून गेलेली नव्हती. फोटो घेणाऱ्यानं भिंतीवर बाजूनं उजेड पाडला होता, म्हणून त्या रेघा दिसत होत्या. समोरून बघितलं असतं तर दिसल्याही नसत्या.

"माझं लगीन नुकतंच झाल्यालं तवा," येसबा सांगू लागले, "एका संस्थानात देऊळ रंगवायला जयपूरकडचं कारागीर आलं हुतं. माझा चुलता त्यांच्या हाताखाली, आन् चुलत्याच्या हाताखाली मी. ते वाळल्या भितीवर कंदी रंग लावायचं न्हाईत. चुना ओला असतोय तवाच लावायचा. मग चुना वाळता वाळता रंगाला आत धरून ठेवतोय. पाऊस येऊ दे, शंभर वर्सं जाऊ देत, त्यो काय निघत न्हाई. पर चुना एक दिसच ओला ऱ्हातो. मग सकाळी उठून काय करायचं? आज हातनं जेवढं रंगवून हुईल तेवढाच गिलावा थापायचा."

"आणि संध्याकाळपर्यंत नाही संपला तर?"

"ऱ्हायलेला थापीनं खरवडून टाकायचा. मालकाची मर्जी न्हाई, कारागिराची न्हाई, चुन्याची मर्जी. दुसऱ्या दिवशी कालच्या कडंला नवा गिलावा. ही रेघ म्हंजे त्यो सांधा. हिकडं कालचा दिस, तिकडं आजचा."

"पण तुकडे सारखे कुठं आहेत? हा वरचा केवढा मोठा आहे, आणि हा बघा, तळहाताएवढा."

"आवो, वरचं आभाळ हाय. आभाळाला काय, सपासप हात मारला की निघालं दिसात धा फूट. आन् हे बाईचं त्वांड हाय." त्यांनी बोट फोटोला न टेकवता वरचेवर धरलं. "ह्या एवढ्याशा तोंडाला त्यानं एक अख्खा दिस घातलाय."

"सुरुवात कुठून करत असतील?" एव्हाना मी वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी विचारत होते.

"वरनं. खालनं केलं तर वरचा रंग खालच्या कामावर गळंल की. आभाळ पयलं, मग डोंगर, मग माणसं. पाय सगळ्यात शेवटी."

"एकूण किती दिवस लागले असतील हो?"

"मोजल्यात की. चौकोन पाडताना मोजायलाच लागतंय. एक्केचाळीस."

मी भिंग फळीवर ठेवलं.

मूळ कादंबरीची प्रकरणं एक्केचाळीस होती.

मूळ कादंबरीची म्हणते, कारण माझ्या अनुवादाची चोवीस होती. हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या मते त्या लेखिकेला लिहिता येत होतं, पण मांडता येत नव्हतं. एक प्रकरण नऊ ओळींचं, तर एक चौतीस पानांचं. पहिल्यांदा पंधरा वर्षं, मग एकदम आजोबा-पणजोबा, मग मधलंच काहीतरी. नवरा घरी परत येतो तो शेवटाच्या एक प्रकरण अलीकडे, आणि कादंबरी संपते ती असुंता विहिरीवर पाय धुते त्या दोन पानांवर. मी त्या कादंबरीला वळण लावलं होतं. सगळं कालक्रमानं लावलं, तुकडे जोडले, सांध्यावर चार-चार वाक्यं पदरची घातली, आणि शेवट केला तो दारात उभ्या असलेल्या नेल्लोवर. टिल्लूंनी पत्रात लिहिलं होतं, 'कुठंही ठेच लागत नाही, अनुवाद वाटतच नाही.' ते पत्र मी कपाटात साडीच्या घडीत ठेवलं होतं.

लेखिकेनं परवानगी देताना एकच अट घातली होती, की मांडणीला हात लावू नका. लेखकांची नाटकं असतात, म्हणून मी ती सोडून दिली. वर प्रस्तावनेत बेधडक लिहिलं, 'मूळ मांडणी जशीच्या तशी ठेवली आहे.' महाराष्ट्रात ताडून बघणार कोण होतं?

फोटो आणि भिंग मागून घेऊन मी घरी आले. दुपार होती. टेबलावर मूळ पुस्तक उघडलं, शेजारी फोटो ठेवला आणि वरून खाली एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेले. पहिला तुकडा आभाळाचा, सगळ्यात मोठा. पहिलं प्रकरण पंधरा वर्षांचं, नऊ ओळींचं. मग डोंगराचे पाच तुकडे, आणि आजोबा-पणजोबांची बरोबर पाच प्रकरणं. सतरावा तुकडा त्या बाईच्या चेहऱ्याचा. सतरावं प्रकरण चौतीस पानांचं होतं, आणि त्यात फक्त एक दुपार होती. नेल्लो मेल्याची खोटी बातमी येते, असुंता दारात उभी राहून ऐकते, बास. हे मी कापून सहा पानांवर आणलं होतं, कारण 'एवढं काय त्यात?' असं मला वाटलं होतं.

शेवटचा, एक्केचाळिसावा तुकडा अगदी खाली, कोपऱ्यात. वरातीच्या शेवटी चालणाऱ्या कुणा बाईचे अनवाणी पाय. चर्चमध्ये गुडघे टेकून बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतील ते एवढेच.

कुण्या एका कारागिरानं चारशे वर्षांपूर्वी रोज सकाळी उठून ओल्या चुन्यावर जे केलं होतं, ते ही बाई शब्दांत करत होती. ती वाचकाला सांगत होती, की पंधरा वर्षं एका हातासरशी निघून जातात आणि एखाद्या दुपारचा चेहरा काढायला जन्म पुरत नाही. आणि मी लाल पेन्सिल घेऊन तिचे दिवस सारखे करत बसले होते. मला त्या पुस्तकापुढे डोकं टेकावंसं वाटलं. पाठोपाठ शरम वाटली, आणि त्याच्याही पाठोपाठ, खरं सांगते, मी कॅलेंडरकडे बघितलं. रविवार परवावर आला होता.

रविवारी टिल्लू आले. लांब कोट, हातात छत्री, काखेत प्रुफांचं बाड. बॅनर बघून म्हणाले, "वा, काय भिंत काढलीय! बाई, तुमच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ हेच." येसबांनी एकही रेघ पुसली नव्हती, आणि मीही पुन्हा पुसायला सांगितलं नव्हतं.

मी येसबांना आग्रहानं आत नेलं. गंमत अशी, की ह्या माणसानं शेकडो सिनेमांची बॅनरं रंगवली होती, पण सिनेमा बघायला तो कधी बसत नसे. "आपलं काम भाईर," असं म्हणायचे. मी मध्ये बसले, एका बाजूला टिल्लू, दुसऱ्या बाजूला येसबा. पडद्याखाली इंग्रजी ओळी येत होत्या. येसबांना त्यांचा उपयोग नव्हता.

पहिलं चित्र आभाळाचं होतं. नुसतं आभाळ. त्यात ढग सरकले, बर्फ पडलं, घंटा वाजली, पक्षी गेले आणि मिनिटाभरात संपलं. पंधरा वर्षं गेली होती. उजेड बदलला आणि डोंगर आला.

"सांधा," येसबा पुटपुटले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुढे सरकून बसले होते. प्रत्येक चित्र सकाळच्या उजेडात उघडत होतं आणि ऊन उतरलं की मिटत होतं. कॅमेरा एका जागी उभा, जेवढा दिवस तेवढंच चित्र. लोकांची चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "रीळ तुटलंय काय रे?" येसबा मात्र बघता बघता आधीच सांगायला लागले. "आता सांधा ईल बगा. ऊन भितीच्या कडंला लागलं." आणि पुढच्याच क्षणी चित्र मिटत होतं. इटालियन नाही, इंग्रजी नाही, गोष्ट काय आहे ते कुणी सांगितलेलं नाही, तरी तो माणूस त्या दिग्दर्शकाच्या शेजारी उभा असल्यासारखा बघत होता. मी बोटांवर मोजत होते. सतरावं चित्र असुंताच्या चेहऱ्याचं होतं. दहा मिनिटं पडद्यावर दुसरं काहीही नव्हतं. तिला खोटी बातमी कळली, ती रडली नाही, तिनं फक्त दाराची कडी धरली, सोडली, पुन्हा धरली. थिएटरातली चुळबुळ कधी थांबली ते मला कळलंच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते.

एक जण चुन्यात करून गेला, एकीनं ते शब्दांत केलं, आणि आता हा तिसरा, दिग्दर्शक, तेच उजेडात करत होता. तिघांतल्या कुणीही दुसऱ्याची नक्कल केलेली नव्हती. तिघांनी एकच भिंत पुढे चालवली होती. चौथी मी, मराठीतली, आणि मी काय केलं होतं ते मला माहीत होतं.

चाळिसाव्या चित्रात नेल्लो घरी आला. टिल्लूंनी कोटाची बटणं लावली, कारण त्यांच्या मते सिनेमा संपला होता. मग एक्केचाळिसावं चित्र आलं. विहिरीचा दगड, बादली, आणि पाणी ओतून घेणारे दोन पाय. टाचा फुटलेल्या, एका बोटाचं नख काळं पडलेलं. दुसरं काही नाही. पाणी दगडावरून ओघळत राहिलं, ऊन उतरत गेलं.

माझ्या शेजारी काहीतरी हललं. येसबांनी खाली वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि खुर्चीखाली सारल्या. मग सरळ बसून दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते पाय बघत राहिले.

दिवे लागले. बाहेरच्या व्हरांड्यात टिल्लूंनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"सिनेमा छानच आहे हो," ते म्हणाले, "पण शेवट बिघडवला. पाय कसले दाखवायचे? तुमच्या पुस्तकाचा शेवट किती सुरेख आहे! दारात नवरा, आणि ती काही बोलत नाही. मी घरात वाचून दाखवला तर मंडळी रडली. हे सिनेमावाले कादंबरीची वाट लावतात ती अशी."

मी पेन घेतलं. टोपण काढलं. नुसती सही करायची होती. येसबा काय, त्यांना माझं पुस्तक ठाऊक नव्हतं. लेखिका सहा हजार किलोमीटरवर.

"टिल्लूसाहेब," मी म्हणाले, "कादंबरी पायांवरच संपते. तो शेवट माझा आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. चोवीस प्रकरणं, कापलेली दुपार, पदरची वाक्यं, लेखिकेची अट. सांगताना मी त्यांच्या छत्रीकडे बघत होते.

"प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंय, मांडणी जशीच्या तशी ठेवली म्हणून."

"खोटं लिहिलंय."

"सहा वर्षांत एकदाही मनाला लागलं नाही?"

"नाही. मला वाटायचं, मी तिच्यापेक्षा चांगलं करतेय."

टिल्लूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"बाई, चुका मी पुष्कळ छापल्यात," ते म्हणाले. "खोटं छापलेलं नाही. हे बाड तुमच्याकडे ठेवा. छापखान्यात जुळवलेले अक्षरांचे खिळे मी उद्या सोडवायला सांगतो."

"मी पुन्हा करीन. मूळ आहे तसं."

"करा. पण मला सांगू नका. ज्याच्यावर मी एकदा डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याचं दुसऱ्यांदा कसं वाचू?"

ते पायऱ्या उतरून गेले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुस्तक पुढे आलं. आठ वर्षांनी, कोल्हापुरातल्याच एका लहानशा छापखान्यातून, पाचशे प्रती, एक्केचाळीस प्रकरणं. एका समीक्षकानं 'विस्कळीत' म्हटलं, दुसऱ्यानं दखलच घेतली नाही. टिल्लूंना मी एक प्रत पाठवली होती. पोचल्याचं उत्तर आलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी मूळ पुस्तक पिशवीत घालून येसबांच्या शेडमध्ये गेले. ते नव्या कापडावर एका खलनायकाच्या मिशा चढवत होते. मला बघून त्यांनी ब्रश रॉकेलात ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"येसबा, मी एक वाचून दाखवते," मी म्हणाले. "आज नव्यानं सुरू करतेय. ऐकाल?"

"वाचा की."

मी पुस्तक मांडीवर उघडलं आणि इटालियनवर नजर ठेवून तोंडानं मराठी सांगू लागले. काहीही न कापता, पदरचं काहीही न घालता. पंधरा वर्षं गेली. नदीला तीन पूर आले. दोन पाद्री मेले, तिसरा आला. ज्या मुलींनी असुंताच्या लग्नात फुलं उधळली होती त्यांच्या मुली फुलं उधळायच्या वयाच्या झाल्या. खाणीतून सुरुवातीला पत्रं आली, मग ख्रिसमसला एखादं, मग तेही नाही. आभाळ होतं तसंच राहिलं. नऊ ओळी. सगळं मिळून मिनिटही लागलं नाही.

येसबा डोळे मिटून ऐकत होते. मी उत्साहानं पान उलटलं आणि दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तोंडात आणलं. त्यांनी डोळे उघडले, हात लांब केला आणि रंगानं भरलेला पंजा पानावर न टेकवता वरचेवर धरला.

"आज एवढंच, बाई," ते म्हणाले. "वाळू द्या त्याला."